भागीरथीबाईंचं बक्षीसपत्र

सब-रजिस्ट्रार कचेरीच्या व्हरांड्यात मी सुनंदाच्या हातात पेन दिलं आणि सहीची जागा दाखवली. तिने पेन परत माझ्या हातात ठेवलं.

"मी नाय करनार सही."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत वकिली सुरू करून मला जेमतेम चार वर्षं झाली होती. आयतं मिळणारं घर कुणी नको म्हणतंय, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

आठवड्यापूर्वी तिची सासू, हातखंब्याजवळच्या वाडीतल्या भागीरथीबाई, माझ्याकडे आल्या होत्या. मुलाने मुंबईत दुसरा संसार थाटला होता. सुनंदाला त्याने पत्र धाडलं होतं, मे महिन्यात येतो, तोवर घर खाली कर. घर मात्र भागीरथीबाईंच्या नावावर, नवऱ्याने त्यांच्याच नावे घेतलेलं.

"पोरगा माजा हाय, पन चूक त्याचीच हाय," त्या म्हणाल्या होत्या. "मी जिती हाय तवर घर हिच्या नावावर करा. मी गेल्यावर तो हिला एक दिवस ठेवनार नाय."

यावर उपाय म्हणजे बक्षीसपत्र. पैसे न घेता मालमत्ता देऊन टाकायची. ते रजिस्टर झालं की घर सुनेचं, उद्या नवऱ्याने काडीमोड घेतला तरी. पण घेणाऱ्याने ते स्वीकारावं लागतं. सुनंदाने नाही म्हटलं तर माझा कागद रद्दीत.

मी वैतागले. दोन्ही साक्षीदार कामं टाकून आले होते, आणि साहेब चारला उठणार होते.

"अगं, तुझ्याच भल्याचं आहे. लोक काय म्हणतील म्हणून घाबरतेस का?"

"लोकांचा काय ओ." सातवी शिकलेल्या सुनंदाने सगळी पानं पुन्हा चाळली. "यात आईंनी ऱ्हायचा कुठं, ता लिवलेला नाय."

मी कागद ओढून घेतला. खरंच नव्हतं. देणाऱ्याला त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील, अशी अट बक्षीसपत्रात घालता येते. मी घाईघाईत जुन्या मसुद्यावरून टाइप करून घेतलं होतं, त्यात ती राहून गेली. म्हणजे सही झाल्यावर भागीरथीबाई स्वतःच्या घरात सुनेच्या मर्जीवर राहणार होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भागीरथीबाई मात्र सुनेवरच चिडल्या. "तू काय मला भायेर काढनार हायस? इस्वास हाय म्हनून तर देतंय."

"माज्यावर नका ठेवू इस्वास," सुनंदा म्हणाली. "उद्या ते आले, मारून-झोडून माज्याकडनं सही घेतलानी, घर विकलानी, तर तुम्ही जाल कुठं? वकीलबाई, तुम्ही लिवा. आई मरेपर्यंत या घरात ऱ्हातील. कोनी काढायचा नाय."

"मरनाचा काय बोलतेस, मेल्ये," म्हणत भागीरथीबाईंनी तिच्या दंडावर चापट मारली आणि तो दंड तसाच धरून ठेवला. त्यांना रडू आवरेना. माझीही तीच गत. साक्षीदार बिचारे उगाच बाहेर रस्त्याकडे बघत राहिले.

समोरच्या टायपिस्टकडे पळत जाऊन मी ते पान नव्याने करून आणलं. चारला दहा मिनिटं कमी असताना सासूचा अंगठा आणि सुनेची सही झाली.

मे महिन्यात मुलगा आला. माझ्या ऑफिसात येऊन बराच आरडाओरडा केला. मी त्याला ती अट वाचून दाखवली. आई राहत असताना त्या घराला गिऱ्हाईक मिळणार नाही, हे त्याला समजलं आणि तो गेला. पुढे घटस्फोट झाला. सासू-सून त्याच घरात राहिल्या, भागीरथीबाईंच्या अखेरच्या दिवसापर्यंत.

तेव्हापासून प्रत्येक बक्षीसपत्रात ती अट मी न विचारता घालते. घर घेणारे पुष्कळजण मला बाजूला बोलावून ती काढायला सांगतात. ती घाला म्हणून अडून बसलेली मी आजवर एकच पाहिली.