खाचेला खाच

दोन फोटोंतली जागा एकच आहे की नाही, हे कम्प्युटरला ओळखायला शिकवणं हा माझ्या पीएचडीचा विषय. कर्जतजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवता शिकवता तो मी सहा वर्षं रेटत होते. घरचे म्हणायचे, "एवढंच? हे तर शेंबडं पोरही ओळखतं." तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा. आता वाटतं, काय चुकीचं बोलत होते?

आमच्या डिपार्टमेंटची झाडलोट करायला भिवपुरीच्या वरच्या वाडीतली एक ठाकर बाई यायची. तिला सगळे मावशी म्हणायचे. एकदा तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो माझ्यापुढे धरला. नाचणीच्या शेतात तिचे आईबाप, मागे झोपडी, त्यामागे डोंगर. कुणा ट्रेकरनं काढून पोस्टानं पाठवलेला, पाठीमागे तारीख. शेत वनखात्याच्या जमिनीत, म्हणून जुनी वहिवाट दाखवून तिनं त्यावर वनहक्काचा दावा लावला होता. दावे तपासणाऱ्या समितीचं म्हणणं, फोटो जुना आहे हे मान्य, पण जागा तीच कशावरून? झोपडी केव्हाच पडली होती, झाडंही बदलली होती.

"म्याडम, तुमचा कम्पुटर सांगल का, ही तीच जागा हाय म्हनून? पुढल्या महिन्यात सुनावनी हाय."

सांगेल की! मी वाडीवर चढले, त्या शेतात उभं राहून फोटो काढले. आमच्या कामात जे बदलतं ते आधी बाद करायचं असतं. प्रोग्रॅमनं तिचे आईबाप बाद केले, झोपडी बाद केली, नाचणी बाद केली. उरली डोंगराची कड, आणि ती दोन्ही फोटोंत खाचेला खाच जुळली. मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले.

गाइडना दाखवलं. सर खूश झाले, आणि लगेच म्हणाले, "जर्नलमध्ये पेपर स्वीकारला जाईपर्यंत एक कागद बाहेर जाता कामा नये. कुणी आधी छापलं तर तुझं नवं काय राहिलं?"

"पण सर, तिची सुनावणी..."

"हे संशोधन आहे, समाजसेवा नाही."

समितीतला कोण मेला जर्नलमध्ये छापायला धावणार होता? हे तोंडावर म्हणायला हवं होतं. मी शेपूट घातली. मलाही डिग्री हवी होती.

मावशी रोज फरशी पुसता पुसता विचारायची, "जुळलं का वो?" मी म्हणायचे, "अजून चाललंय, मावशी. किचकट असतं." किचकट! निकाल छापून माझ्या ड्रॉवरमध्ये पडला होता.

दावा फेटाळला गेला. जागा सिद्ध होत नाही, असं लिहून आलं. अपिलाची मुदतही उलटली, तरी मी मूग गिळून गप्प. शेताला वनखात्याचं कुंपण पडलं. त्यानंतर कधीतरी पेपर स्वीकारल्याचा मेल आला आणि मी पेढे वाटले. मावशीनंही घेतला. "चांगलं झालं. लई राबलात," म्हणाली.

मग मात्र मला राहवेना. ड्रॉवरमधला कागद काढून तिच्या हातात दिला आणि सगळं सांगून टाकलं, सुनावणीच्या आधीच जुळलं होतं हेसुद्धा. वाटलं, आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या.

कागदावर छापलेल्या जुन्या फोटोतल्या आईबापांवरून तिनं बोट फिरवलं.

"गुपचूप सांगायचं ना गं बाय," ती म्हणाली. "मी तुजं नाव नसतं घेतलं कुठं."