मुदत संपली, पाय तसाच

आपला पाय अजून अधूच आहे, हे ज्याला दर काही वर्षांनी सरकारला पटवून द्यावं लागतं, त्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपोआप साठतात. लिहून ठेवायची गरज नाही, अंगालाच चिकटतात.

आमच्या चौघांची ओळख सरकारी दवाखान्याच्या बाकावर झाली, अपंगांच्या तपासणीला. दवाखाना कुठला ते सांगत नाही, आमच्यातल्या काहींना परत तिथंच जायचंय. आमच्या सर्टिफिकेटला मुदत असते. ती संपायच्या आत नवी तपासणी झाली नाही, तर निराधारचा पगार थांबतो. पगार म्हणजे सरकारची महिन्याची मदत, आमच्याकडं तिला सगळे पगारच म्हणतात.

मी सुनंदा. औरंगपुऱ्यात एका बोळात थोडंफार ब्लाऊज शिवते. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला, तेव्हापासून कुबडी.

रावसाहेबभाऊ शेंद्र्याचे. घरी शेती, पण ते कंपनीत प्रेस मशिनवर होते. मशिनीत उजवा हात मनगटापासून गेला. तपासणीच्या दिवशी नोंदणीच्या खिडकीवरच्या ऑपरेटरनं मान वर न करता त्यांना सांगितलं, उजवा अंगठा ठेवा. भाऊंनी डावा ठेवला. तो म्हणाला, उजवा. भाऊंनी परत डावा ठेवला. तो चिडला, मराठी कळत नाही का म्हणाला. भाऊ लई शांत माणूस.

"उजवा कंपनीत राहिलाय," ते म्हणाले. "लागतच असंल तर तिथून मागवून घ्या."

मग त्यानं मान वर केली. डावा चालला.

अफसरभाईंना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. गल्लीतल्या पोरांना तोंडी गणित शिकवतात, आणि पोरांची चूक उच्चारातून पकडतात. तपासणीच्या दिवशी घरचं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून एकटेच आले. तेवढ्यावरून तिथल्या क्लार्कला संशय आला. आंधळा माणूस एकटा रिक्षानं येतोच कसा, असं तो सगळ्यांसमोर विचारायला लागला. अफसरभाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"रिक्षा मैं नहीं चला रहा था, साहब."

कौसाबाईचा किस्सा वेगळा. ती हर्सूलच्या पलीकडची, मेंढपाळाच्या घरातली. विहिरीच्या काठावरून पडून तिचं कंबरेचं हाड मोडलं, ते वाकडंच जुळलं. ती काठी टेकत, वाकून चालते. मागच्या खेपेला तरण्या डॉक्टरनं तिला विचारलं, आधीच्या तपासणीपासून काही सुधारणा? कौसाबाईनं त्याला प्रेमानं समजावलं.

"आमच्या कळपात एक लंगडी मेंढी हाय, बाबा. तिला कुणी इचारत नाय, बाई, औंदा बी लंगडीच का म्हणून. बघितलं की कळतं."

डॉक्टर हसला. सर्टिफिकेटला मुदत मात्र घातलीच.

आता माझं सांगते. तपासणी वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. मागच्या खेपेलाही बंदच होती. तेव्हा मी कठडा धरून, बसत, सरकत वर गेले होते. साडी घामानं भिजली, हाताचे तळवे सोलले. वर पोचल्याचा मला केवढा अभिमान! आणि कागदावर शेरा पडला, जिना चढता येतो. अपंगत्वाचे टक्के उतरले, पगार बंद. अपील करून तो परत चालू करेपर्यंत मशीन सोडून नुसत्या चकरा मारल्या.

त्या सर्टिफिकेटची मुदत यंदा संपत आली होती. शिपाई म्हणाला, कुणाचा तरी हात धरून चढा, नाहीतर गैरहजर लागंल. दुकानाचं भाडं त्या पगारावरच निघतं. तरी मी कुबडी भिंतीला लावली आणि पहिल्या पायरीवर बसले.

"मी चढणार नाही," मी म्हणाले. "गैरहजर लिहायचं तर खाली येऊन, मला बघून लिहा."

कौसाबाई माझ्या शेजारी टेकली. रावसाहेबभाऊ आणि अफसरभाईंना खरं तर चढता येत होतं. तेही आमच्या वरच्या पायरीवर बसले. मग बाकावरचे एकेक उठून आले. जेवणाच्या सुट्टीला वरची मंडळी उतरायला लागली, तेव्हा जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

या खेपेला डॉक्टर नवे होते, वयस्कर, अंगानं जड. कुणीतरी त्यांना सांगत होतं, पोलिसांना बोलवू. त्यांनी हातानं थांबवलं आणि मला विचारलं, काय झालं बाई? मी मागच्या खेपेचं सगळं सांगितलं. लोकांनी सरकून वाट दिली, तसे ते खाली आले. मग कठडा धरून माझ्या शेजारी पायरीवरच बसले. पाय तपासला, मापला, शिक्का खाली मागवला आणि लिहिलं, कायमस्वरूपी. मी ते दोनदा वाचलं.

त्या दिवशीची सगळी तपासणी जिन्यातच झाली.

शेवटी डॉक्टर उठायला गेले, तर उठवेना. अफसरभाईंच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले आणि गुडघा दाबत एकेक पायरी चढायला लागले. मधेच थांबले, श्वास घेतला.

खालून कौसाबाई म्हणाली, "दमानं, साहेब. फुडल्या टायमाला तुमी बी खालीच बसा. जागा धरून ठिवतो."