साहाय्य

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत प्रोग्राम लिहायचं काम करत होतो. निरनिराळ्या संस्थांतले आमच्यासारखे लोक आपापले प्रोग्राम एका सामायिक संग्रहाला देत. मागेल त्याला टेपवर ते फुकट मिळत. मोबदला काही नसे. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव असे, एवढंच.

आमच्याकडे गावांची एक मोठी यादी अकारविल्हे लावायची होती. यंत्राला बाराखडी कळत नव्हती आणि मला ती शिकवता येत नव्हती. रविवारी माले या माझ्या गावी जाताना मी वाटेत पौडला उतरलो आणि शाळेतल्या माझ्या गणिताच्या सरांना सहज अडचण सांगितली. सर मुसलमान, भावाचं बाजारात कापडाचं दुकान, त्याच्या वरच्या मजल्यावर ते राहत. संगणक त्यांनी पाहिलेला नव्हता. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्या हातात वहीचे चार कागद ठेवले. प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला, जोडाक्षराला आकडा दिलेला होता, आणि आकडे कसे जोडून ताडून पाहायचे तेही ओळीनं लिहिलेलं होतं.

मी ते फक्त यंत्राच्या भाषेत उतरवलं. चाललं. साहेबांनी पाठ थोपटली आणि संग्रहाकडे पाठवायला सांगितलं. पहिल्या ओळीत मी माझं नाव घातलं. सरांचं घालायचं राहिलं असं मी पुढं स्वतःला सांगत आलो, पण ते खोटं आहे. मी क्षणभर थांबलो होतो.

काही महिन्यांनी संग्रह सांभाळणाऱ्यांचं पत्र आलं. अनुस्वाराची नावं चुकीच्या जागी पडत होती, दुरुस्ती हवी होती. मी दोन दिवस झटलो. आकड्यांमागचा विचारच मला कळलेला नव्हता. शेवटी पत्र घेऊन पौडला गेलो.

मी नुसती चूक सांगणार होतो, पण सरांनी पत्र मागितलं. ते इंग्रजी सावकाश वाचत. पहिल्याच वाक्यात माझ्या मूळ कल्पनेचं कौतुक होतं. तिथं त्यांचं बोट थांबलं, मग पुढं सरकलं. पेन्सिल घेऊन त्यांनी ‘नांदे’ आणि ‘नाणेगाव’ लिहिलं, आकडे मांडले आणि म्हणाले, “अनुस्वार माज्याकडनंच ऱ्हायला. नांदे आदी याया पायजे.”

“सर, नाव तुमचं घालायला पाहिजे होतं,” मी म्हणालो.

“आता घाल की.” एवढंच म्हणाले आणि चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती टाइप केली. सरांचं नाव वर घातलं तर साहेब विचारणार, मग आधी काय झालं ते सांगावं लागणार. मी माझं नाव होतं तिथंच ठेवलं आणि खाली लिहिलं, ‘साहाय्य’, पुढं सरांचं नाव.

दुरुस्त प्रोग्रामचा छापील कागद मी त्यांना नेऊन दिला. नेला नसता तर बरं झालं असतं. चष्मा लावून त्यांनी आपलं नाव शोधलं, खाली दुकानात जाऊन भावाला दाखवलं. भावानं गिऱ्हाइकाला दाखवलं. वर आल्यावर सर मला म्हणाले, “तू लई केलंस माज्यासाठी.”

मी मान डोलावली. नाही म्हणालो नाही.