फुलदाणीच्या तळावरचं नाव

मध्यंतरी परदेशातले काही लोक आमच्या सासूबाईंना काचेच्या डिझायनर समजत होते.

त्या आज सकाळी गेल्या.

आईंकडे मधाच्या रंगाची जाड काचेची फुलदाणी आहे. त्यांच्या वडिलांच्या कारखान्यात चेकोस्लोव्हाकियाचे इंजिनियर आले होते. त्यातल्या एकानं ती आईंच्या लग्नात दिली.

आता वडिलांनी, म्हणजे आईंच्या दादांनी, काय करावं? लग्नातली भांडी नाव घालायला दुकानात चालली होती, त्यांच्याबरोबर हीपण पाठवून दिली. तळाला मशीननं कोरलं, 'सुमन'. झालं.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई घरात बसून वैतागल्या होत्या. म्हणून त्यांना जुनी काच ओळखणाऱ्या एका ऑनलाइन ग्रुपवर जॉइन करून दिलं. फुलदाणीचे फोटो टाकले, तळाचापण.

तिकडे चर्चाच चर्चा. ही सही कुणाची? लिपी कुठली? एकानं तर जाहीरच केलं, अज्ञात डिझायनर सापडला.

आईंनी एका बोटानं टाइप केलं, "ते मी आहे. मी फक्त फुलं ठेवते."

आम्ही हसून हसून बेजार. आई नाही हसल्या.

"अगं, माझ्या नावाखाली खरी सही असली तर? दादांनी कौतुकानं माझं नाव घातलं, आणि करणाऱ्याचं खरवडून गेलं."

"असू दे हो आई, किती वर्षं झाली."

"तुझं काय जातंय? नाव माझं आहे."

त्यांना ते फार लागलं होतं. रोज पेपरच्या आधी ग्रुप बघायच्या. भिंग घेऊन तळ न्याहाळत बसायच्या.

शेवटी तिकडच्या एका वयस्कर गृहस्थांनी आकारावरून ओळखली. डिझाइन एका बाईंचं, द्राहोमिरा नावाच्या. तिकडच्या काचेच्या कारखान्यात नोकरीला होत्या. त्यांच्या कामावर सही नसायचीच. कारखान्याचं कागदी लेबल असायचं, ते पहिल्या धुण्यात निघून जायचं.

"म्हणजे मी काही पुसलं नाही," आई म्हणाल्या. मग भिंग खाली ठेवलं. "पण बिचारीचं नाव कुठेच नाही गं."

"तुमच्या विणकामावर तरी कुठे आहे?"

"माझं फुलदाणीवर आहे की."

तेव्हापासून फुलदाणीचं कुणी कौतुक केलं, की त्या आधी द्राहोमिराचं नाव सांगायच्या.

तुमच्यापैकी कितीतरी जणांकडे आईंनी विणलेली टोपडी, स्वेटर आहेत. बारशाला आल्या की पिशवीतून काढून हातात द्यायच्या, साधी चिठ्ठीसुद्धा नाही.

कपाटात एखादं सापडलं तर मुलांना सांगा, हे सुमनआजींनी विणलंय.

आई, नमस्कार करते. घर फार रिकामं वाटतंय.