ताणाची मेरिट लिस्ट

"मॅडम, अभिनंदन. पोरांचा ताण गेला," असं म्हणून बिराजदार सरांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे फिरवला.

स्क्रीनवर मेरिट लिस्ट होती. ताणाची. वर पानंच्या पानं अशी मुलं, ज्यांना कशाचाच ताण नाही. सगळ्यात खाली एकटी अश्विनी, मुदखेडची.

मी समुपदेशक आहे, नांदेडला राहते. मानसशास्त्रीय चाचण्या तयार करणं आणि त्या कामाच्या आहेत का ते तपासणं, हाही माझ्या व्यवसायाचा भाग. बिराजदार सर लातूरमधल्या एका मेडिकल एन्ट्रन्सच्या क्लासचे संचालक. मुलं अचानक गप्प होतात, जेवण सोडतात, बॅग भरून घरी निघून जातात. ते आधीच कळावं, म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. हेतू चांगला होता, हे आधी सांगून टाकते, कारण पुढे ते विसरायला होतं.

मी ताणाची चाचणी तयार केली. त्यात साधी विधानं होती. 'परीक्षेच्या विचाराने मला झोप लागत नाही.' 'जेवताना अन्न घशाखाली उतरत नाही.' समोर 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत पर्याय. यात चूक-बरोबर काही नसतं, जे वाटतं ते लिहा, असं मी स्टेजवरून पुन्हापुन्हा सांगितलं. मुलांनी मान हलवली आणि निगेटिव्ह मार्किंग आहे का ते विचारलं. नाही म्हटलं तरी बऱ्याच जणांनी अवघड वाटलेली विधानं सोडून दिली. एका मुलीला हे कोणत्या चॅप्टरमधलं आहे, ते हवं होतं.

तरीही पहिल्या वेळचे आकडे ठीक होते. कुणाचा ताण कमी, कुणाचा मध्यम, कुणाचा बराच. माणसांचा गट असाच दिसतो. मग तीच चाचणी त्याच मुलांना काही आठवड्यांनी पुन्हा द्यायची होती. त्याला कारण आहे. माझ्या चाचणीत मोजला जाणारा ताण एवढ्या दिवसांत फारसा बदलत नाही. दोन्ही वेळा निकाल साधारण सारखा आला, तर चाचणी भरवशाची. याला आम्ही रिलायबिलिटी म्हणतो. पण भरवसा पुरत नाही. मोंढ्यातला धान्याचा काटा प्रत्येक पोत्यामागे दोन किलो जास्तच दाखवत असेल, तर तोही नेमाने वागतो, पण वजन खरं नसतं. जे मोजतो म्हणालो तेच मोजलं का, ही व्हॅलिडिटी. माझं अर्धं आयुष्य या दोन शब्दांत गेलंय.

दुसऱ्या वेळी मला नांदेडहून निघता आलं नाही, म्हणून क्लासच्या स्टाफने पेपर घेतला. त्यांनी सवयीने रोल नंबर टाकून गोळे रंगवायच्या ओएमआर शीट वाटल्या. मशीनने सवयीने रँक लावले.

"आता फ्लेक्स करायलोय," सर म्हणाले. "'तणावमुक्त बॅच'. पुढच्या ॲडमिशनला लई कामाला येईल."

"आणि अश्विनी?"

"तिच्या वडिलांना बोलावलंय. घेऊन जातील. उद्या काही कमी-जास्त झालं तर क्लासचं नाव जाईल मॅडम. टेस्ट तुमचीच हाय ना?"

टेस्ट माझीच होती. मला राग आला. आणि ज्या पोरीला मदत मिळावी म्हणून हा उद्योग केला, तिलाच त्याच्या जोरावर बाहेर काढणार, हे कळल्यावर भीती वाटली. अश्विनी दुसऱ्यांदा एन्ट्रन्सला बसणार होती. तिचे वडील रेल्वेत गँगमन. आता घरी गेली, तर तिसऱ्यांदा कुणी पाठवणार नव्हतं.

मी पहिल्या आणि दुसऱ्या वेळचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. चाचणीच्या कामात एक साधा नियम असतो. ज्या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देतात, तो प्रश्न काहीच सांगत नाही. इथे तर सगळेच प्रश्न गप्प झाले होते. मध्ये काहीतरी घडलं होतं. मी स्टाफरूममध्ये चौकशी केली.

बायोलॉजीचे गिरी सर सरळ माणूस. यात लपवायचं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

"डिस्कशन घेतलं ना मॅडम. पेपर झाला की घ्यावंच लागतंय, न्हाई तर पोरं पाठ सोडत न्हाईत."

पहिल्या चाचणीनंतर त्यांनी माझा पेपर फळ्यावर सोडवून घेतला होता. एकेक विधान, कारणांसह. झोपेत मेंदू शिकलेलं पक्कं करतो, म्हणून झोपेच्या विधानाला योग्य पर्याय 'कधीच नाही'. जेवणाचं तसंच. मुलांनी उतरवून घेतलं. कुणीतरी एका उत्तरावर हरकत घेतली, तीही मिटवली. इतकी वर्षं चाचण्या करते, पण माझ्या चाचणीची आन्सर की निघालेली मी पहिल्यांदाच पाहिली. मला हसू आलं आणि हसू आलं याचाच जास्त राग आला.

अश्विनी तेव्हा तापाने आजारी म्हणून मुदखेडला गेली होती. डिस्कशन तिचं बुडालं. दुसऱ्या वेळीही तिने मनातलंच लिहिलं.

मी तिला भेटले. बारीक आवाजात बोलत होती. रँक कळला होता.

"मॅडम, याला इम्प्रूव्हमेंटचा पेपर असतोय का?"

नसतो, असं मी सांगितलं.

तिचे वडील आले तेव्हा मी मुद्दाम सरांच्या केबिनमध्येच थांबले. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. सर फाइल उघडणार, तेवढ्यात मी मधे पडले. चाचणीत काही विधानं मुद्दाम घातलेली असतात, माणूस स्वतःला किती चांगलं दाखवतोय ते कळावं म्हणून. त्यांना पर्याय दोनच, 'खरं' आणि 'खोटं'. त्यातलं एक मी वाचलं.

"'मी कधीच कुणावर रागावत नाही.' सर, तुमचं उत्तर काय?"

"मॅडम, ते सोडा."

"तुमच्या सगळ्या बॅचचं उत्तर 'खरं' आहे. फक्त अश्विनीचं 'खोटं' आहे. या निकालात विश्वास ठेवण्यासारखा पेपर एकच आहे आणि तुम्ही तोच घरी पाठवताय."

सरांनी फाइलवरचा हात काढला. अश्विनीच्या वडिलांना आमचं बोलणं किती कळलं माहीत नाही. ते सरांकडे पाहून हळूच म्हणाले, "सर, लेकरू अभ्यासात कमी हाय का?"

"न्हाई," सर म्हणाले. "अभ्यासात चांगली हाय."

मी एकच मागितलं. चाचणी पुन्हा घ्यायची, पण नाव नाही, रोल नंबर नाही, ओएमआर नाही, हॉलमध्ये एकही सर नाही. कागद घडी करून खोक्यात टाकायचे. त्याचा निकाल येईपर्यंत अश्विनीने इथेच राहायचं. सरांनी होकार दिला. फ्लेक्सवाल्याला थांबायला सांगितलं, तेवढं मात्र जड गेलं त्यांना.

या वेळी मी स्वतः घेतली. डिस्कशन होणार नाही, हे आधीच जाहीर केलं. मुलं थोडी नाराज झाली. मग लिहीत बसली. हॉलमध्ये एवढी शांतता कुठल्या मॉक टेस्टला नसते, असं शिपाईमामा नंतर म्हणाले.

नाव नसलेल्या कागदाला समुपदेशन देता येत नाही, ही अडचण राहिलीच. त्यावर मार्ग असा निघाला की आता आठवड्यातली एक दुपार मी क्लासमध्ये बसते. कुणीही यावं, कुणी आलं याची नोंद क्लासकडे जात नाही. फ्लेक्स झाला नाही. चाचणी मी अजून वापरते, पण पहिल्याच पानावर लिहिलंय की हिच्यावरून कुणालाही ठेवायचं किंवा काढायचं नाही. ज्या कागदामुळे मुलाचं काही जाणार असतं, तिथे ते मनातलं लिहीत नाही, उत्तर लिहितं. अश्विनीही राहिली.

त्या दिवशी खोकं उघडलं तेव्हा सर माझ्याशेजारी बसले होते. एकेक कागद उलगडून वाचत गेले. झोप नाही. घास उतरत नाही. घरी फोन करावासा वाटत नाही. वाचता वाचता त्यांनी विचारलं, "यातला मुदखेडच्या पोरीचा कोणता?"

मला तो ओळखता येत नव्हता. त्यांनी तिच्यासारखे वाटणारे कागद बाजूला काढायला सुरुवात केली. बाजूचा गठ्ठा मोठा होत गेला आणि मग त्यांनी वेगळे काढणं सोडून दिलं.