मागच्या सोसायटीवरची स्वारी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही: आमच्या सोसायटीचा हरवलेला टोप आमच्याच माळ्यावर, गाद्यांच्या मागे आहे. सत्यनारायणाचा प्रसाद झाल्यावर धुऊन आणताना माझ्या हातून सुटला आणि जिन्यावरून गडगडत गेला. एवढा पोचा पडला, की दाखवायची लाज वाटली. कुणीतरी विचारलं, तर तोंडून निघून गेलं, "मागच्या सोसायटीने नेला असेल."

चारकोपमध्ये युद्ध पेटायला एवढं पुरतं.

आमचे चेअरमन निवृत्त फौजी, मूळचे मालवणचे. सगळी नोकरी लंगरात चपात्या मोजण्यात गेली. स्वारीचा हुकूम द्यायची ही पहिलीच संधी. संक्रांतीनंतरच्या रविवारी त्यांनी आम्हा तिघांना दोन स्कूटरींसकट पार्किंगमध्ये रांगेत उभं केलं.

"घोडदळ मागच्या गेटान घुसतला. बायका हळदीकुंकवात गुंतल्यात. टोप उचलूचो आणि पळूचा. हॉर्न नाय, गप्पा नाय. आणि शत्रूकडे काय एक खावचा नाय!"

"काका, तिळगूळ दिला तर?"

"तिळगूळ खाल्लास तर गोड बोलूचा लागतला रे! मगे लढतलस कसो?"

त्यांच्या हळदीकुंकवाच्या मंडपाशी पोचल्यावर तिघांनीही सवयीने चपला काढल्या. तिथेच निम्मी लढाई हरलो. त्यांचा महाप्रसाद दरवर्षी रांधणाऱ्या काकू पुढे आल्या. "या रे! बायकांच्या कार्यक्रमात कसे उगवलात?" हातावर तिळगूळ ठेवला. खाल्ला. 'वहिनींना द्या' म्हणून वाणाच्या साबणदाण्याही घेतल्या.

मग आमच्यातला एक भरल्या तोंडाने म्हणाला, "काकू, आमचा टोप द्या ना आता."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी चोरला?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. लाडू कडक होता, मी चावत राहिलो.

त्या घरातून एक टोप घेऊन आल्या. "माझ्या माहेरचा आहे. न्या. पण चोर म्हणू नका."

तो मांडीवर घेऊन मी मागच्या सीटवरून परतलो. चेअरमननी वाजवून पाहिला, "आपलोच!" म्हणाले आणि आम्हाला सॅल्यूट ठोकला. साबणदाण्या युद्धातली लूट म्हणून जाहीर झाल्या.

काकू आता महाप्रसाद करत नाहीत. "चोराच्या हातचं कशाला खाता?" म्हणतात. केटरर येतो.

त्यांचा टोप परत करणं आणि चूक माझी होती हे दोन्ही सोसायट्यांसमोर सांगणं, एवढं माझ्याकडून अजून बाकी आहे.