हात बघणाऱ्या बाई

"बघू हात."

नवीन पोर वर्गात आलं की आमच्या चित्रकलेच्या बाई आधी नाव विचारत नसत. एवढंच म्हणत आणि स्वतःचा हात पुढं करून उभ्या राहत. पोर बिचारं घाबरून हात द्यायचं. बाई तळवा उलटा करून नखं बघत, पेरांवरून अंगठा फिरवत. कुठं पत्र्यानं कापल्याचा व्रण, कुठं चटका बसल्याची खूण सापडली की त्यांचा चेहरा खुलायचा. "हां, हे काम करनारं हाय," म्हणत. मग नाव विचारत.

आमच्या हेडसरांचा समज झाला की बाईंना हस्तरेषा कळतात. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी आपला उजवा हात बाईंपुढं धरला. संस्थेत वर जायचा योग आहे का, ते त्यांना बघायचं होतं. मी शेजारीच वह्या तपासत बसलो होतो. बाईंनी हात दोन्ही बाजूंनी नीट पाहिला. "लई मऊ हाय, सर," म्हणाल्या आणि चहाला निघून गेल्या.

आमचं हायस्कूल शेवगावच्या पुढं. मी तिथं गणित शिकवतो. बावीस वर्षं शिकवतोय, आणि बरं शिकवतो असा माझा समज होता. बाई तिसगावकडच्या. चित्रकला आणि कार्यानुभव त्यांच्याकडं. अधिकारी आला तरी त्या आपल्या घरच्याच बोलीत बोलत. त्यांचा वर्ग खिचडीच्या शेडमागं, पत्र्याखाली. आत सायकलच्या रिमा, जळक्या मोटारींची तार, मोडकी बाकं, पोत्यात भरलेली माती. वेळापत्रकात चित्रकलेचे तास असत खरे, पण परीक्षा जवळ आली की ते आम्ही खायचो. एक इंग्रजीवाले खायचे, एक मी. खाल्ले म्हणतोय, कारण खाल्लेच. बाईंना विचारायची पद्धतही नव्हती.

शिक्षकखोलीत 'ढ' हा शब्द आम्ही पंखा लावा म्हणावं इतक्या सहज वापरायचो. "नववी ब मध्ये एक पोरगी आहे, कोमल. अगदी ढ," मी एकदा म्हणालो. खोटं नव्हतं, असं मला वाटत होतं. कोमलला वाचता येत नव्हतं. पंधरा वर्षांची पोरगी एका ओळीपाशी घाम फुटेपर्यंत अडायची. सहाचे नऊ करायची, बेरीज तोंडानं बरोबर सांगायची आणि वहीत उलटी लिहायची. मी तिला वर्गाबाहेर उभी करायचो.

बाई तिथंच बसल्या होत्या. उठून आपल्या वर्गातून एक मोडकी छत्री घेऊन आल्या. टेबलावर ठेवली. "करा नीट."

आम्ही सातजण. सगळे बीएड, त्यात तिघे एमए. अर्धा तास त्या छत्रीशी झटापट केली. इतिहासाच्या सरांच्या बोटाला काडी लागली. छत्री उघडली ती मिटेना. मग बाईंनी कोमलला बोलावलं. तिनं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. छत्री मांडीवर घेतली, एक काडी काढली, केसातली पिन वाकवून तिच्या जागी घातली आणि छत्री दोनदा उघडून मिटून दाखवली.

"आता सांगा," बाई म्हणाल्या, "ढ कोन?"

आम्ही हसलो. शिक्षकांना हसण्यावारी न्यायची कला फार छान येते. पण बाई हसत नव्हत्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, हिचं डोकं लई तल्लख हाय. फक्त अक्षरांच्या वाटनं चालत न्हाई. दुसरी वाट हाय तिला. तुमी ती बंद करताय."

त्या वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कोमलनं सरकी टोकायचं यंत्र केलं. तिची आई दुसऱ्यांच्या रानात कपाशी टोकायला जायची. दिवसभर वाकून एकेक बी मातीत खुपसायची आणि संध्याकाळी भिंतीला धरून उभी राहायची. कोमलनं प्लॅस्टिकचा पाइप घेतला, सायकलच्या ब्रेकची स्प्रिंग घेतली आणि पेनाच्या टोपणाला एकच बी मावेल एवढं भोक पाडलं. उभ्यानं दाबलं की एक बी जमिनीत. दोन नाही, एक. ते भोक नेमकं जमेपर्यंत तिनं एकतीस टोपणं वाया घालवली. बाईंनी एकदाही हात लावला नाही. मी विचारलं, थोडी मदत का करत नाही? "मंग ते माझं हुईल," म्हणाल्या.

त्याच दिवसांत बाई कोमलच्या दाखल्यामागं लागल्या होत्या. डोकं असून अक्षरांपाशी अडणाऱ्या अशा मुलांची नगरला सरकारी दवाखान्यात तपासणी होते, तसा दाखला मिळतो. तो असला की दहावीला लिहायला लेखनिक मिळतो, जास्त वेळ मिळतो. तिची आई आधी तयार नव्हती. "पोरीला येडी ठरवता का, बाई? उद्या हिला सून कोन करंल?" बाई तिच्या दारात बसून राहिल्या. शेवटी तिला सोबत घेऊन, पोरीचे कागद पिशवीत घालून एसटीनं खेपा घालू लागल्या.

पण दाखला मिळून भागत नव्हतं. शाळेनं कोमलला नववीतून दहावीत घ्यायला हवं होतं. आणि आमच्या गेटवर मोठा फलक होता: निकाल शंभर टक्के. तो शंभर कसा होतो ते आता सांगतो. जी पोरं दहावीत नापास होतील अशी भीती असते त्यांना नववीतच नापास करतात. शाळा सोडल्याचा दाखला हातात देतात आणि सांगतात, बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा. पोरं जातात, फलक राहतो. दर जूनला आम्ही त्या फलकाखाली पेढे खातो. मीही खाल्लेत.

बाई हेडसरांशी भांडल्या. हेडसर म्हणाले, "प्रदर्शनात नंबर काढा. मग संस्थेला सांगायला मला तोंड राहील. घेऊ दहावीत." म्हणजे त्या पाइपवर पोरीची शाळा ठरणार होती.

आता माझा पराक्रम ऐका.

बाई नगरच्या खेपांत होत्या. प्रदर्शनाची तयारी माझ्याकडं आली. आमच्याकडं रीत अशी की यंत्र कुणाचंही असो, बोलणं सरांचं असतं. मी पानभर भाषण लिहिलं. 'आदरणीय परीक्षक महोदय' पासून सुरू, मधे तरफेचं तत्त्व, शेवटी बळीराजाचा उद्धार. कोमलला वाचता येत नाही म्हणून तोंडी घोकून घेतलं. आठ दिवस, चित्रकलेच्या तासाला. पोरगी रोज पांढरी पडत चालली होती आणि मला वाटत होतं, तयारी छान चाललीय.

बाई आदल्या दिवशी आल्या आणि त्यांना ते कळलं. "सर, हे कशाला केलं? तिला पायजेल तर गप उभं राहू द्या. फक्त ते खोलून पुन्हा जोडू द्या. परीक्षक येडे जरी असले तरी त्यास्नी कळंल."

"नुसतं खोलून कुठं नंबर येतो का, बाई?" मी म्हणालो. "माझे चार वेळा आलेत."

दुसऱ्या दिवशी परीक्षक समोर आले. कोमलनं 'आदरणीय' म्हटलं, पुढची दोन वाक्यं म्हटली आणि तिसऱ्याला अडकली. परीक्षकांनी विचारलं, "यात तत्त्व कोणतं आहे?" तिचे हात आपोआप पाइपाकडं गेले, झाकण फिरवायला लागले. परीक्षक म्हणाले, "हात लावू नकोस. आधी सांग." तिनं हात मागं घेतले. मग ते माझ्याकडं बघून हसले आणि शेजारच्या परीक्षकाला म्हणाले, "सरांनी चांगलं बनवलंय."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते हेच. मी "नाही हो, तिनंच..." म्हणेपर्यंत ते पुढच्या टेबलावर गेले होते. तिथं एक मुलगा प्रदूषणावर घडाघडा बोलत होता. पहिला नंबर त्याला मिळाला.

एप्रिलमध्ये नववी ब चं निकालपत्रक माझ्यासमोर आलं, कोमलच्या नावापुढं 'नापास' लिहिलेलं. वर्गशिक्षक मी. बाई दाखला घेऊन आल्या. दाखला मिळाला होता, शिक्क्यासकट. "सर, गणिताची तोंडी घ्या तिची. आत्ता घ्या. मी भाईर बसते. तोंडी पास झाली न्हाई तर मी पुन्हा शब्द काडनार न्हाई. पन त्याबिगर सही करू नका."

तिला तोंडी सगळं आलं असतं. मला माहीत होतं. पण हेडसर मला आदल्या दिवशी म्हणाले होते, "एका पोरीपायी फलक उतरवायचा का?" माझ्या लेकीच्या कॉलेजसाठी मला संस्थेच्या नगरच्या शाखेत बदली हवी होती. अर्ज त्यांच्या ड्रॉवरमध्ये होता. मी सही केली. बाईंच्या समोर केली. अर्ज अजून त्याच ड्रॉवरमध्ये आहे.

मला वाटलं, बाई चारचौघांत माझी खरडपट्टी काढतील. काढायला हवी होती. त्यांनी दाखल्याची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि गेल्या. सतरा नंबरचा फॉर्म त्यांनीच भरला. पुढचं वर्षभर शाळा सुटल्यावर पत्र्याखाली त्या पुस्तक मोठ्यानं वाचायच्या आणि कोमल हातानं काहीतरी करत ऐकायची. भूमिती तिनं तारेच्या आकृत्या वाकवून शिकली. लेखनिक घेऊन परीक्षेला बसली आणि एका दमात पास झाली. पुढं आयटीआय केलं. आज शेवगावात एका वर्कशॉपमध्ये शेतीची अवजारं बनवते. तिचं टोकण यंत्र बायका नेतात. पेपरात फोटोही आला.

बाई निवृत्त झाल्या आणि गावी गेल्या. या दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांतच बातमी आली. झोपेतच गेल्या.

शाळेनं शोकसभा घेतली. बाईंच्या फोटोला हार. कोमल आली होती, मागच्या रांगेत बसली होती. हेडसर बोलायला उभे राहिले. बाईंची कलासाधना झाली, निष्ठा झाली, मग म्हणाले, "याच शाळेच्या संस्कारांतून घडलेली आपली कोमल इथं उपस्थित आहे. हीच बाईंना आणि शाळेला आदरांजली."

माझं टाळकं फिरलं. मी उभा राहिलो. "ती आपली नाही, सर! आपण तिला नववीत हाकललीय. फलकासाठी. बाई पाया पडायच्या बाकी राहिल्या होत्या. आणि त्या कागदावर सही माझी आहे."

हेडसरांनी माईक घट्ट धरला. "आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया," म्हणाले. सगळे उभे राहिले. त्या माणसाची अक्कल बघा, माझं तोंड बंद करायला त्यानं बाईंचं मरण वापरलं.

बाहेर कोमल स्कूटीपाशी थांबली होती.

"सर, तुमी असं का बोलला?"

"खरं आहे ते."

"बाई तर म्हनल्या हुत्या..." ती थांबली. "म्हनल्या, गणिताचे सर तुझ्यासाठी लई भांडले. सही करीना झाले, म्हनून हेडसरांनी दुसऱ्याकडनं करून घेतली. मला शिकायला जोर यावा म्हनून सारखं सांगायच्या, एक सर तरी तुझ्या बाजूनं हाय."

मी तिच्या स्कूटीचं हँडल धरलं.

"म्हनून तर मी दर दिवाळीला फराळ घेऊन तुमच्या घरी येत हुते, सर."

तिनं ओढणी तोंडाला बांधली आणि गेली. मला वाटायचं, माजी विद्यार्थिनी आहे, चांगलं वळण आहे, म्हणून येते. मी ऐटीत तिला खुर्ची द्यायचो. बाई, तुम्ही असं का केलंत? चार शिव्या घातल्या असत्यात तर मी केव्हाच मोकळा झालो असतो. आता भांडायला तुम्हीही नाही.

घरी ओट्यावर कोमलच्या या दिवाळीच्या फराळाचा स्टीलचा डबा आहे, घासून पुसून ठेवलेला. आपल्याकडं डबा रिकामा परत देत नाहीत. बायको रोज विचारते, "त्या पोरीच्या डब्यात काय घालून द्यायचं?"